आपल्या आयुष्याची साक्ष देणार कोण?

‘आपले जीवन हीच आपली साक्ष असली पाहिजे’ हे वाक्य ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये पिढ्यानपिढ्या इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की आता त्याच्यापाशी कुणी थांबत नाही. रविवारच्या उपासनेत, बाप्तिस्म्याच्या वेळी, तरुणांच्या शिबिरात, लग्नप्रसंगीच्या उपदेशात ते ऐकू येते आणि वरकरणी त्यात विरोध करण्यासारखे काहीच नाही. कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे, असे याकोबाच्या पत्रात स्पष्टच म्हटले आहे. माझा आक्षेप या वाक्याला नसून त्यातून सर्रास काढल्या जाणाऱ्या अर्थाला आहे. इतरांवर पडणारी छाप म्हणजेच साक्ष, असे धरून चालणारा माणूस हळूहळू आपल्याच चेहऱ्यावर पहारा करू लागतो; आणि ज्या ज्या ठिकाणी मंडळीने हा पहारा अत्यंत निष्ठेने केला, तेथेच ख्रिस्ताच्या नावाची सर्वांत मोठी नाचक्की झाली, असे इतिहास पाहता मला वाटते. इतरांपुढे चांगले उदाहरण ठेवणे आवश्यक आहे, शक्यही आहे. मात्र त्यासाठी स्वतःला विचारायचा प्रश्न ‘मी लोकांना कसा दिसतो’ हा नाही. ‘मी कुणाचे काय देणे लागतो’ हा आहे.

डोंगरावरील प्रवचनात येशूने या बाबतीत दोन सूचना केल्या आहेत आणि पहिल्या वाचनात त्या एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात तो म्हणतो की तुमचा प्रकाश लोकांसमोर असा पडू द्या की त्यांनी तुमची सत्कर्मे पाहून तुमच्या स्वर्गातील पित्याचे गौरव करावे. लगेच सहाव्या अध्यायाच्या आरंभी तो बजावतो की लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका, दान देताना उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू देऊ नका. उपदेशक बहुधा यांपैकी प्रसंगाला सोयीचे ते वचन निवडतात. निधी जमवायचा असेल तर पहिले आणि श्रीमंत देणगीदाराने नाव लावण्याचा आग्रह धरला तर, फार धीर झालाच तर, दुसरे. परंतु दोन्ही वचने एकाच प्रवचनातली आहेत आणि ती एकत्र वाचली की अर्थ उलगडतो. कृत्य दिसण्याला येशूची हरकत नाही. पाहणाऱ्याची नजर शेवटी कुठे जाऊन थांबते, याकडे त्याचे लक्ष आहे. ती कर्त्यावरच अडकून राहिली तर त्या कृत्याचे मोल तेथेच वसूल झाले. सहाव्या अध्यायात तो नेमके हेच म्हणतो: अशांना त्यांचे प्रतिफळ मिळून चुकले आहे.

प्रतिमा जपण्याच्या या ओढीचा परिणाम किती भयंकर होऊ शकतो, हे 2002 साली बोस्टन येथे जगाला दिसले. तेथील कॅथलिक महाधर्मप्रांतातील काही धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांची माहिती ‘बोस्टन ग्लोब’ या वृत्तपत्राने जानेवारीपासून प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. अत्याचार करणारे धर्मगुरू काही जण होते. पण तक्रारी आल्यावर त्यांना एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात हलवणारी, कुटुंबांना गप्प बसवणारी आणि कागदपत्रे कुलूपबंद ठेवणारी यंत्रणा मोठी होती. डिसेंबरमध्ये त्या महाधर्मप्रांताचे प्रमुख कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना पद सोडावे लागले. असे प्रकार एकाच पंथापुरते किंवा एकाच देशापुरते नव्हते, हे त्यानंतरच्या वर्षांत ठिकठिकाणी उघड झाले. या लपवाछपवीमागे नुसता दुष्टपणा होता असे म्हणून सुटता येत नाही. लपवणाऱ्यांपैकी अनेकांना आपण मंडळीचे रक्षण करीत आहोत असेच वाटत होते. प्रभूच्या नावाला बट्टा लागू नये, दुबळ्या विश्वासाच्या माणसांना अडखळण होऊ नये, बाहेरच्यांना बोट ठेवायला जागा मिळू नये, ही कारणे ऐकायला धार्मिक आहेत. चांगले उदाहरण दिसावे या इच्छेनेच येथे पीडित मुलाचा बळी दिला. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याची भाषा आहे, आणि ती मंडळीची अब्रू सांभाळणाऱ्यांनाही लागू होते, याचे भान त्या कार्यालयांत कुणाला राहिले नव्हते.

दुसरे प्रकरण मला अधिक अस्वस्थ करते, कारण त्यात एक अख्खी पिढी ज्याच्याकडे जिवंत उदाहरण म्हणून पाहत होती असा माणूस आहे. जाँ व्हानिए यांनी 1964 साली फ्रान्समध्ये ‘लार्श’ नावाचे सहजीवन सुरू केले. बौद्धिक अपंगत्व असलेली माणसे आणि इतर माणसे एकाच घरात, सेवक आणि रुग्ण अशा नात्याने न राहता, सोबती म्हणून राहतील, ही त्यामागची कल्पना होती. ती अनेक देशांत रुजली. 2019 मध्ये व्हानिए वारले तेव्हा त्यांना हयातीतच संत मानणारे लोक असंख्य होते. पुढच्याच वर्षी संस्थेने स्वतः करवून घेतलेल्या चौकशीचा निष्कर्ष जाहीर झाला: आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून त्यांनी 6 स्त्रियांचे लैंगिक शोषण केले होते. 2023 च्या सविस्तर अहवालात ही संख्या किमान 25 वर गेली.

या प्रकरणातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एखाद्या माणसाला ‘पाहा, असे जगायचे असते’ म्हणून उंचावर बसवले की त्याच्याविरुद्ध बोलणारा आपोआप खोटा ठरतो. ज्याच्या चांगुलपणाचा गवगवा जास्त, त्याच्या तावडीत सापडलेल्या माणसाची सुटका तितकीच अवघड. दुसरी गोष्ट संस्थेविषयी आहे. आपल्या संस्थापकाची चौकशी लार्शने आपण होऊन करवली, निष्कर्ष आपण होऊन छापले, आणि ज्या स्त्रियांनी तोंड उघडले त्यांचे आभार मानले. त्यामुळे देणगीदार दुरावतील, शत्रू हसतील, हे त्यांना ठाऊक नसेल असे नाही. त्या काळातील ख्रिस्ती साक्ष शोधायची असेल तर ती मी त्या अहवालाच्या पानांत शोधेन.

बायबलची स्वतःची पद्धत याच जातीची आहे, हे आपण सवयीने विसरतो. आरंभीच्या मंडळीचा सर्वांत मोठा पुढारी पेत्र. पण कोंबडा आरवण्यापूर्वी त्याने आपल्या गुरूला 3 वेळा नाकारले, ही गोष्ट चारही शुभवर्तमानांनी नोंदवून ठेवली आहे. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात त्याहून अवघड प्रसंग आहे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीला बसत असे. याकोबाकडची काही माणसे आल्यावर मात्र त्यांच्या भीतीने तो वेगळा राहू लागला. त्याचे पाहून बाकीचे यहूदी आणि बर्णबासुद्धा त्या ढोंगात ओढले गेले. पौलाने सर्वांसमक्ष, तोंडावर त्याला विरोध केला. उदाहरणाचे सामर्थ्य या प्रसंगात दिसतेच, कारण पेत्र एक शब्दही न बोलता इतरांना चुकीच्या वाटेने घेऊन गेला. पण मला महत्त्वाचे वाटते ते हे की पुढाऱ्यांमधला हा तंटा पत्रात लिहिला गेला, जपला गेला आणि धर्मग्रंथाचा भाग म्हणून आजही उपासनेत वाचला जातो. आजच्या एखाद्या मंडळीच्या इतिवृत्तात असा उतारा टिकला असता का, याची मला शंका आहे.

देण्याचा हिशेब मांडून जगलेल्या आयुष्याचे उदाहरण म्हणून मला अठराव्या शतकातील जॉन वुलमन सर्वांत जवळचा वाटतो. 1720 मध्ये जन्मलेला, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा हा माणूस अमेरिकेच्या न्यू जर्सीतील माउंट होली या गावी एका दुकानदाराकडे कारकून होता. एके दिवशी मालकाने त्याला एका गुलाम स्त्रीच्या विक्रीचा कागद लिहायला सांगितला. ग्राहक ताटकळत उभा होता, मालकाचा हुकूम होता, आणि विकत घेणारा वृद्ध गृहस्थ वुलमनच्याच पंथाचा होता. वुलमनने कागद लिहिला. मात्र गुलाम बाळगणे हे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असे मला वाटते, असे त्याने मालक आणि ग्राहक या दोघांसमोर तेथल्या तेथे सांगितले. त्याने मनाची बोचणी रोजनिशीत मांडली. आणि पुढे एका तरुणाने असाच कागद करून मागितला तेव्हा त्याने सरळ नकार दिला.

त्यानंतरची त्याची रीत पाहण्यासारखी आहे. 1757 च्या दक्षिणेकडील प्रवासात त्याला गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्या घरी मुक्काम करावा लागे. यजमान आपुलकीने जेवू घालत, अंथरूण देत, आणि हा पाहुणचार गुलामांच्या फुकट श्रमांवर उभा असे. निघताना वुलमन यजमानाला बाजूला घेई, हातावर चांदीची नाणी ठेवी आणि ती राबणाऱ्या माणसांना द्यावीत अशी विनंती करी. कधी तो स्वतःच ती त्यांच्या हाती देई. घरमालकाला पैशांची गरज नव्हती, त्यामुळे हा प्रकार त्यालाही आणि वुलमनलाही अवघडून टाकणारा होता. वुलमन आवाज चढवत नसे. त्या घरात फुकट राहणे म्हणजे चोरीचा माल खाणे आहे, इतकेच त्याच्या लेखी खरे होते आणि आपल्या वाट्याचे देणे तो चुकते करीत होता. यजमानाची झोप उडाली असेल तर ती त्या नाण्यांनी.

वुलमनचे हे वागणे बाहेरच्या जगासमोर क्वेकरांची शोभा वाढवण्यासाठी नव्हते, उलट ते आपल्याच लोकांना अडचणीत आणणारे होते. 1758 साली क्वेकरांच्या फिलाडेल्फिया येथील वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्या सभासदांच्या घरोघर जाऊन त्यांच्याशी बोलण्याचे ठरवले, आणि जाणाऱ्यांत वुलमन होता. 1772 मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यात देवीच्या आजाराने त्याचा मृत्यू झाला. 1776 साली त्याच सभेने आपल्या सभासदांना गुलाम बाळगण्यास बंदी केली. केवळ त्याच्यामुळे हे घडले असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. इतर अनेकांचे परिश्रम त्यात होते. पण या घटनाक्रमाने एका वाजवी आक्षेपाचे उत्तर मिळते. एकेकट्या माणसाच्या सदाचाराने अन्यायाची व्यवस्था हलत नाही, किंबहुना ‘आमचे मालक चांगले आहेत’ या समाधानाने ती अधिक टिकते, असा तो आक्षेप आहे आणि तो बराचसा खरा आहे. मात्र वुलमनचे उदाहरण समाधान देणारे नव्हते. ते प्रश्न उभा करणारे होते आणि त्या प्रश्नाची तड नियमात लागली. ज्या वैयक्तिक चांगुलपणामुळे आजूबाजूच्या कुणाचीच गैरसोय होत नाही, त्याविषयी मला थोडी शंकाच येते.

वुलमनची नाणी किंवा पेत्राची माघार आजच्या संदर्भात कुठे येते, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. मंडळीत प्रार्थना चालवणारा, भजनाला टाळ धरणारा, वडीलजनांच्या समितीत बसणारा माणूस आपल्या हाताखालच्या लोकांचा पगार महिन्याच्या कोणत्या तारखेला देतो? घरी कामाला येणारी बाई आजारी पडली तर तिचे पैसे कापतो का? उसने घेतलेले परत करताना समोरच्याला किती वेळा मागायला लावतो? याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहिले आहे की तुमच्या शेतांची कापणी करणाऱ्या कामकऱ्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, आणि तो आक्रोश प्रभूच्या कानी पोहोचला आहे. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातील जकातदार जक्कय हाच हिशेब मांडतो. येशू घरी आल्यावर तो आपल्या श्रद्धेचे अनुभव सांगत बसत नाही. अर्धे धन दरिद्र्यांना, आणि ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत, असे तो उभा राहून सांगतो. दानधर्म आणि परतफेड या दोन वेगळ्या बाबी आहेत आणि जक्कयाने दोन्ही सांगितल्या. आपल्याकडे पहिल्या बाबीचे फोटो निघतात.

फोटोंचा विषय निघालाच आहे तर तोही सांगतो. धान्याची पिशवी, घोंगडी किंवा शालेय साहित्य वाटताना घेणाऱ्याला कॅमेऱ्याकडे पाहायला सांगणे ही आता जवळपास रीतच झाली आहे, आणि ख्रिस्ती संस्था त्याला अपवाद नाहीत. हिशेब दाखवण्यासाठी काही पुरावा लागतो हे मान्य आहे. त्यासाठी पावत्या असतात. गरजू माणसाचा अवघडलेला चेहरा ही आपल्या विश्वासाची जाहिरात झाली, तर देणाऱ्याने दिले त्याहून जास्त परत घेतले असे म्हणावे लागेल.

सेवेमागे अट असेल तर तिचे साक्षीपण उरत नाही, हे सांगण्यासाठी विरोधकाचाच दाखला सर्वांत चांगला. रोमन सम्राट ज्युलियन ख्रिस्ती संस्कारांत वाढला, पण सत्तेवर आल्यावर (361 ते 363) जुन्या देवतांची उपासना पुन्हा उभी करण्याचा त्याने चंग बांधला. गालातियाच्या मुख्य पुरोहिताला उद्देशून त्याच्या नावावर असलेल्या पत्रात तो चडफडून लिहितो की हे अधर्मी गालीली (ख्रिस्ती लोकांना तो याच नावाने हिणवे) स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, शिवाय आमच्याही गरिबांना पोसतात, आणि आमची माणसे मात्र आमच्याकडून मदतीवाचून राहतात. तो प्रत्येक नगरात धर्मशाळा काढण्याची आज्ञा देतो. ख्रिस्ती लेखकांनी आपल्या लोकांच्या दयाळूपणाची वर्णने त्या काळात पुष्कळ केली आहेत, पण ती घरचीच माणसे असल्याने थोडी जपून वाचावी लागतात. ज्याला हा धर्म संपवायचा होता त्याची चिडचिड अधिक विश्वसनीय आहे. त्या चिडचिडीत ‘आमच्याही’ हा शब्द आहे, आणि सगळे वजन त्यावर आहे.

अलीकडच्या काळात, दुसऱ्या महायुद्धात, फ्रान्समधील ल शाँबाँ-स्यूर-लिन्यों या डोंगराळ खेड्याने हीच गोष्ट केली. तेथील बहुतेक रहिवासी प्रॉटेस्टंट होते आणि पूर्वजांनी सोसलेल्या छळाची आठवण त्यांच्यात जिवंत होती. जर्मनीशी तह झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 23 जून 1940 रोजी, पाळक आंद्रे त्रोकमे आणि त्यांचे सहकारी एदुआर तेइस यांनी मंडळीला सांगितले की आपल्या विवेकावर होणाऱ्या हिंसेला आत्म्याच्या शस्त्रांनी प्रतिकार करणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे. पुढील 4 वर्षे ते खेडे आणि भोवतालच्या वाड्यावस्त्या यांनी हजारो निर्वासितांना आसरा दिला, त्यांत ज्यू मोठ्या संख्येने होते. त्यासाठी काहींनी तुरुंग भोगला, काहींनी प्राण दिले. 1990 मध्ये ज्यूंच्या संहाराची स्मृती जपणाऱ्या इस्राएलमधील ‘याद वाशेम’ या संस्थेने त्या परिसराचा गौरव केला. गावाने आसरा देताना धर्म बदलण्याची अट घातली असती, तर ज्यूंनी त्या गावाला सन्मानाने कशाला आठवले असते?

येथे कुणी विचारेल की मग शब्दांची गरजच नाही का. ‘सदैव सुवार्ता सांगा, गरज पडली तर शब्दही वापरा’ हे वचन असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावावर खपवले जाते, पण त्याच्या लिखाणात ते सापडत नाही, आणि शब्दांना असे बाजूला सारणे त्याला मान्यही झाले नसते. 1221 च्या नियमावलीत, मुसलमानांमध्ये जाणाऱ्या बंधूंसाठी त्याने दोन मार्ग सांगितले आहेत. एक असा की वादविवाद न करता, देवाखातर प्रत्येकाच्या अधीन राहून, आपण ख्रिस्ती आहोत एवढे कबूल करावे. दुसरा असा की देवाला ते आवडेल असे दिसले तर वचन सांगावे. पेत्राच्या पहिल्या पत्रातही, तुमच्या आशेविषयी विचारणाऱ्याला सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्यायला सिद्ध असा, असे म्हटले आहे. उत्तराआधी कुणीतरी प्रश्न विचारायला हवा, आणि प्रश्न पडण्याजोगे काही आपल्या वागण्यात दिसायला हवे. या क्रमात शब्दाला जागा आहे. फक्त तो पहिला नाही.

ख्रिस्ती माणसानेच चांगुलपणाचा मक्ता घेतला आहे, असा समज मात्र या चर्चेतून कुणी करून घेऊ नये. शेजारी कोण, या धर्मशास्त्राच्या एका पंडिताच्या प्रश्नावर येशूने जो दाखला सांगितला त्यात याजक आणि लेवी (मंदिराचा सेवक) जखमी माणसाला टाळून निघून जातात, आणि थांबतो तो तिरस्कृत शोमरोनी. म्हणजे अनुकरणासाठी ठेवलेला माणूस त्या पंडिताच्या दृष्टीने चुकीच्या श्रद्धेचा होता. उलट बाजूला रवांडा आहे. 1994 साली लोकसंख्येचा फार मोठा भाग ख्रिस्ती असलेल्या त्या देशात शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांची कत्तल केली, आणि ती चर्चमध्येही केली. न्यांगे येथे आश्रयाला आलेल्या लोकांसह चर्चची इमारत बुलडोझरने पाडण्यात आली. तेथील धर्मगुरूला पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने जन्मठेप दिली. 2017 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या आणि तिच्या सभासदांच्या पापांबद्दल क्षमा मागितली. उपासनेची उपस्थिती, बाप्तिस्म्यांची संख्या, गायनवृंदांची गोडी यांतले काहीही त्या आठवड्यांत उपयोगी पडले नाही.

म्हणून मला एक साधी, अमलात आणण्याजोगी गोष्ट सुचवायची आहे आणि ती नवी नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मंडळीच्या अध्यक्षाच्या अंगी काय असावे याची यादी आहे. मद्यपी नसावा, द्रव्यलोभी नसावा, घर नीट चालवणारा असावा, हे सगळे आपण वाचतो. त्या यादीच्या शेवटी, बाहेरच्या लोकांनीही त्याच्याविषयी चांगली साक्ष दिलेली असावी, अशी अट आहे. वडीलजन, विश्वस्त किंवा पाळक निवडताना ही अट किती मंडळ्या पाळतात? शिफारसपत्रे येतात ती दुसऱ्या पाळकांची, धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयाची, घराण्याला ओळखणाऱ्या वडीलधाऱ्यांची. उमेदवाराच्या हाताखाली काम केलेल्या दोन माणसांना, त्याच्याशी व्यवहार केलेल्या एखाद्या व्यापाऱ्याला आणि वेगळ्या श्रद्धेच्या शेजाऱ्याला भेटून यायला समितीला एक संध्याकाळ पुरते. बाहेरचा माणूस आकसाने बोलेल ही भीती रास्त आहे, म्हणून एकाऐवजी तिघाचौघांना विचारावे आणि जे निघेल ते उमेदवारासमोर मांडून त्यालाही बोलू द्यावे. एखाद्याचे मागील देणे बाकी असल्याचे कळले तर निवड तेवढ्यापुरती थांबवावी, देणे फिटू द्यावे आणि मग पुन्हा विचार करावा. वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करायला जा, हे येशूने सांगितलेच आहे. निवडणुकीला तेवढा उशीर झाला तर काही बिघडत नाही.